संचालकांना सल्ला द्यायला बसण्याआधी

रुग्णालयासाठी नवी संगणक प्रणाली निवडताना संचालकांना सल्ला द्यायचं काम तुमच्याकडे आलं, अभिनंदन. काम मोलाचं आहे. सुरुवातीला एवढंच सांभाळा.

डेमो बघायच्या आधी वॉर्डात जा. एक पूर्ण शिफ्ट नर्ससोबत उभे राहा. औषध कोण लिहितं, कोण तपासतं, कुठे दोनदा नोंद होते, हे डोळ्यांनी बघा. नवखे इथेच चुकतात: वैशिष्ट्यांची यादी करतात, अडचण कोणती सोडवायची हे ठरवतच नाहीत. मीही पहिल्या वर्षी तेच केलं आणि डॉक्टरांनी ती प्रणाली वापरलीच नाही.

संचालकांसमोर तीन प्रश्न ठेवा:
- करार संपला तर रुग्णांचा डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल? ‘फायर’ (FHIR, वेगवेगळ्या प्रणालींमध्ये आरोग्य-डेटाची देवाणघेवाण करायचं मानक) चालतं का, हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगा.
- प्रशिक्षण, जुन्या नोंदींचं स्थलांतर आणि देखभाल धरून पाच वर्षांचा खर्च किती?
- प्रणाली बंद पडली तर काम कसं चालेल? मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीसाठी संगणक बंद पाडणाऱ्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतल्या हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या होत्या.

प्रणाली पडद्यावर दाखवते त्या इशाऱ्यांचा भडिमार झाला की डॉक्टर महत्त्वाचा इशाराही न वाचता बंद करतात, म्हणून सुरुवातीला मोजकेच चालू ठेवा.

एआय, विश्लेषण वगैरे नंतर बघू. आधी ती शिफ्ट करा आणि काय दिसलं ते कळवा.