लपवण्याचं वेळापत्रक

प्रिय मित्रा,

तुझ्या संहितेचा मसुदा वाचला. इंग्लिश क्लबातला गे फुटबॉलपटू हा विषय दमदार आहे, पण ११० पानांतली शेवटची २५ तू पत्रकार परिषदेत घालवलीस. ती ३ वर आण. नाट्य आहे ते लपवण्यात, आणि लपवणं हे रोजचं काम आहे, सरावाइतकंच घाम काढणारं.

ते काम दाखव. दौऱ्यावर हॉटेलच्या खोलीत सोबत सहकारी. फोन पालथा. जोडीदाराचा नंबर 'प्लंबर' या नावानं साठवलेला, आणि प्लंबर रात्री साडेअकराला फोन करतो. सोमवारी ड्रेसिंग रूममध्ये कुणी सहज विचारतं, "काल काय केलंस?" त्याचं उत्तर अर्धा सेकंद उशिरा येतं. तो अर्धा सेकंद संहितेत लिही. नटावर सोडलास तर तो डोळ्यांत पाणी आणेल. सांगितलेली थाप त्याला लक्षातही ठेवावी लागते. पुढे तीच अंगावर उलटू दे.

शिव्या देणारं प्रेक्षकांचं स्टँड हा सोपा खलनायक झाला. एजंट जास्त घातक: माणूस वाईट नाही, फक्त जानेवारीची ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लब बदलण्याची मुदत, बंद होईपर्यंत "थांब" म्हणतो. मग उन्हाळ्याची.

काळ आधी ठरव. फुटबॉलपटू जस्टिन फॅशनूला नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबानं १९८१ मध्ये १० लाख पौंडांना घेतलं. तो गे बारमध्ये जातो हे कानावर आल्यावर मॅनेजर ब्रायन क्लफनं त्याला संघाबरोबरच्या सरावातून बाहेर काढलं. १९९० मध्ये त्यानं 'द सन' या टॅब्लॉइडमधून आपण गे असल्याचं जाहीर केलं, १९९८ मध्ये आत्महत्या केली. मात्र मधे वर्णद्वेष होता, गुडघ्याची दुखापत होती, अमेरिकेतला लैंगिक अत्याचाराचा आरोप होता. 'उघड झाला म्हणून मेला' हे गणित चुकीचं आहे, आणि तुझ्या मसुद्यात तेच डोकावतं. २०२२ मध्ये ब्लॅकपूल क्लबाच्या १७ वर्षांच्या खेळाडूनं, जेक डॅनियल्सनं, तेच सांगितलं तेव्हा निवेदन क्लबाच्या संकेतस्थळावर आलं. दोन्ही काळ एका कथेत मिसळू नकोस. टॅब्लॉइडची भीती आणि मोबाइलची भीती वेगळी असते.

पान ६४ वर तू नुसतं 'गोल. जल्लोष.' लिहिलंयस. अरे, पुरुषांनी पुरुषांना मिठ्या माराव्यात, गालाचं चुंबन घ्यावं आणि चाळीस हजार लोकांना त्यात काही वावगं वाटू नये, अशी ही एकच जागा! त्या ढिगाऱ्यात फक्त त्यालाच हात कधी सोडायचा याचा हिशेब करावा लागतो. ते पान पुन्हा लिहून आधी पाठव.

तुझा,
दादा