बी.एड. न केलेले नवे शिक्षक वर्षभरात सोडून जातात. त्यांना तयार कसं करायचं आणि टिकवायचं कसं?

नागपुरातल्या तुमच्या छोट्या शाळेत इंजिनिअरिंग, एम.एस्सी. झालेली मुलं शिकवायला येतात आणि दिवाळीनंतर दिसेनाशी होतात, असं तुम्ही लिहिलंय. मी इथेच एका अनुदानित शाळेत गणित शिकवते. नव्यांना हाताशी धरायचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच आलंय.

आधी कायद्याचं उरकते. पहिली ते आठवीला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि व्यावसायिक पात्रता लागतेच. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. हे मुलाखतीतच सांगा, नंतर कळलं की माणूस बिथरतो.

आता तयारीचं. सुट्टीतल्या शिबिराने फारसं काही होत नाही. या मुलांना विषय येतो, पण पोरांचं घोडं नेमकं कुठे अडतं ते कळत नाही. आमच्याकडे एक इंजिनिअर सर पाचवीला अपूर्णांक शिकवत होते, मी मागच्या बाकावर. अर्धा अधिक एक तृतीयांश, पोरांचं उत्तर दोन पंचमांश. सरांनी फुली मारली आणि फळ्यावर लसावि काढला. एक पोरगा म्हणाला, "सर, वरचे वरचे मिळवले, खालचे खालचे मिळवले, मग चुकलं काहून?" सरांनी पुन्हा लसावि काढला! तास संपल्यावर आम्ही बसलो. दोन पंचमांश तर अर्ध्यापेक्षाही कमी. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला एवढंच विचारलं, अर्ध्या पोळीत आणखी पोळी घातली तर ती अर्धीपेक्षा कमी होईल का? पोरं हसली आणि आपणच खोडून बसली.

असं मागे बसायला जुन्या शिक्षकाला आठवड्यात दोन तास वेळापत्रकातूनच मोकळे द्या. ऑफ तासात बसा म्हणाल, तर कोणी बसणार नाही.

टिकण्याचं म्हणाल तर उत्साहाला दोष देऊ नका, पगाराचा हिशेब बघा. सरकारी शिक्षण सेवक तीन वर्षं मानधनावर काढतो, प्राथमिकला कित्येक वर्षं ते महिना ६,००० रुपये होतं, जानेवारी २०२३ पासून १६,००० झालं. तरी तो थांबतो, कारण पुढे वेतनश्रेणी दिसते. तुमच्या तासागणिक पैसे मिळणाऱ्या शिक्षकाला परीक्षा संपल्या की छदाम नाही, आणि विदर्भात शाळा उघडते जूनच्या शेवटी. त्या उन्हाळ्यात क्लासवाल्याने बोलावलं तर तो जाणारच, मीही गेले असते. निदान सुट्टीतलं अर्धं मानधन द्या, आणि पुढच्या वर्षी ठेवणार की नाही ते मार्चमध्येच सांगा.

आणखी एक. कोणालाच नको असलेली 'ड' तुकडी नव्याला देऊ नका. "तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना" म्हणत यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारला ऑनलाइन द्यायची माहितीही त्याच्याकडूनच भरून घेतली जाते. ती कारकुनाकडे द्या.