कोणत्या सालची ऑडी घेऊ? आधी ती पॉलिसी बाहेर काढा

पत्र नागपूरच्या बेसा रोडच्या एका वाचकाचं आहे. वय ३८, मिहानमध्ये आयटीत नोकरी, हातात १ लाख १५ हजार. बायको शाळेत शिकवते, तिचे २८ हजार. मुलगी सहा वर्षांची. फ्लॅटचं ३४ लाख कर्ज बाकी, ईएमआय ३१ हजार. प्रश्न असा की सेकंडहँड ऑडी ए३ घ्यायची आहे आणि समोर तीन गाड्या आहेत: २०१५ची डिझेल साडेनऊ लाखात, पण दिल्ली पासिंग, २०१७ची पेट्रोल १४ लाखात आणि २०१९ची पेट्रोल साडेसतरा लाखात. मन २०१७वर आहे. ४ लाखांची एफडी मोडायची, १० लाख लोन पाच वर्षांसाठी काढायचं. शेवटी एक ओळ लिहिली आहे, "बँकेतून घेतलेल्या पॉलिसीला पुढच्या वर्षी पाच वर्षं होतात, त्याचे १८ लाख येतील, त्यातून गाडीचं लोन बंद करतो." सोबत पॉलिसीच्या कागदांचे फोटो.

भाऊ, गाडीवर येतो, पण ते कागद तुम्ही स्वतः वाचले का? त्यात पाच वर्षं कुठेच नाहीत. हप्ता अडीच लाख, भरायचा १२ वर्षं, आणि पैसे मिळणार २०व्या वर्षाच्या शेवटी. पाच वर्षांनी काढता येतील हे बँकेतल्या माणसाने तोंडी सांगितलं अन् व्हॉट्सअ‍ॅपवर "डबल के करीब" असं लिहिलं, ते काही पॉलिसी नाही. पाचवा हप्ता भरून बंद केली तर जुन्या नियमाने भरलेल्याच्या निम्मे हमखास, म्हणजे साडेबारा लाख भरून सव्वासहा लाखांच्या आसपास. तुम्ही १८ धरून बसलाय आणि त्या १८ वर आणखी १० लाखांचं कर्ज उभं करताय.

माझ्याकडे अशी पत्रं दर महिन्याला येतात नं, आणि प्रत्येक वेळी तेवढाच राग येतो. पगार ज्या बँकेत होतो तिथलाच ओळखीचा माणूस, एफडी रिन्यू करायला गेलेल्या माणसाला बसवून चहा पाजून २० वर्षांची पॉलिसी गळ्यात मारतो आणि सांगतो की एफडीसारखंच आहे, वरून टॅक्सही वाचतो. ८०सीची मर्यादा दीड लाखाची, हप्ता अडीच लाखाचा, मग वरच्या एक लाखावर कोणता टॅक्स वाचला?

आता दुसऱ्या फोटोतला तक्ता बघा. दोन रकाने आहेत, ४ टक्के आणि ८ टक्के. लोकांना वाटतं आपल्याला ८ टक्के मिळणार. तसं नाहीये. कंपनीच्या गुंतवणुकीने ८ टक्के कमावले तर खर्च वगैरे जाऊन तुमच्या हातात किती, तो हा रकाना. तिथे ५७ लाख लिहिलेत. तुम्ही भरणार ३० लाख. गोळाबेरीज केली तर वर्षाला साडेचार टक्के पडतात. आणि ४ टक्क्यांच्या रकान्यात ३८ लाख आहेत, म्हणजे दोन टक्केही नाही. तेवढाच हप्ता तुम्ही नवरा-बायकोच्या दोन पीपीएफ खात्यांत टाकला असता तर ७ टक्क्यांनी २० वर्षांत ८० लाखांच्या वर गेला असता.

पण जे भरलं ते भरलं, त्याचा हिशोब आता करायचा नाही, पुढचा करायचा. चार हप्ते गेले, १० लाख. आज बंद केली तर ५ लाख धरा. ते ५ लाख आणि उरलेले आठ हप्ते ७ टक्क्यांनी ठेवले तर १६ वर्षांनी साधारण ६२ लाख होतात. पॉलिसी चालू ठेवली तर चांगल्यात चांगलं ५७. म्हणजे खरं सांगायचं तर इथून पुढे फरक पाच लाखांचाच आहे, तोही सगळं छान गेलं तर, आणि एवढ्यासाठी मी कोणाला पॉलिसी मोडायला लावणार नाही. कारण वेगळं आहे.

तुमचं विमा कवच २५ लाख आहे. घराचं कर्ज ३४ लाख. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर बायकोच्या हातात २५ लाख येतील, बँक ३४ मागेल, आणि २८ हजारांच्या पगारात सहा वर्षांची पोरगी वाढवायची. वर ऑडीच्या लोनचे १० लाख. वर्षाला अडीच लाख विम्याच्या नावाने जातात आणि विमाच नाही! टर्म प्लॅनबद्दल, म्हणजे माणूस गेला तरच पैसे देणाऱ्या साध्या विम्याबद्दल, पत्रात एक शब्द नाही. मेडिक्लेम कंपनीचा, ३ लाखांचा, म्हणजे नोकरी गेली की तोही गेला. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलच्या आयसीयूत आठवडाभर काढलेल्या कोणालाही विचारा ३ लाख किती दिवस पुरतात.

तुमच्या वयाला, सिगारेट नसेल तर, दीड कोटीचा टर्म ६० वर्षांपर्यंत वर्षाला २५-३० हजारांत मिळेल. तिघांचा १० लाखांचा मेडिक्लेम २०-२५ हजार. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक टर्म आणि मेडिक्लेमवर जीएसटी शून्य झालाय, तेवढं बरं. दोन्ही मिळून ५५ हजार. अडीच लाखांतून ५५ हजार गेले तरी जवळपास दोन लाख हातात राहतात.

पेड-अप करून ठेवू का, असंही तुम्ही विचारलंय. पेड-अप म्हणजे हप्ते बंद, कवच एक तृतीयांशावर आणि पैसे १६ वर्षांनीच. कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आज पॉलिसी मोडली तर मिळणारे पैसे) आणि पेड-अप व्हॅल्यू (हप्ते थांबवले तर शेवटी मिळणारे पैसे) दोन्ही लेखी मागवा. पेड-अपचा आकडा १५ लाखांच्या खाली असेल तर सरेंडर करा, कारण आजचे ५ लाख ७ टक्क्यांनी तेवढे होतातच. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जपून ठेवा, विमा कंपनीकडे फसवून विकल्याची लेखी तक्रार करा, तिथे दाद नाही लागली तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. चार वर्षं झाल्यामुळे केस कच्ची आहे, पण टाका.

आता गाडी. ही गाडी मला माहीत आहे आणि तुमचा जीव तिच्यावर का बसला तेही कळतं. जगात १९९६ला आली, २०१२ची तिसरी पिढी, तिचीच सेडान आपल्याकडे ऑगस्ट २०१४ला आली, एक्स-शोरूम २२.९५ लाखांपासून, आणि जोडली जायची आपल्या औरंगाबादेत. तेव्हा १.८ पेट्रोल १८० पीएसचं (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद) आणि २.० डिझेल १४३ पीएसचं, ही दोन इंजिनं त्या काळच्या स्कोडा ऑक्टाव्हियातही होती आणि खालचा प्लॅटफॉर्मही तोच. एप्रिल २०१७ला फेसलिफ्ट, म्हणजे त्याच गाडीला नवं रूप, एलईडी दिवे आले, १.८ जाऊन १.४ पेट्रोल आलं १५० पीएसचं, जे हलक्या पायाने चालवलं तर दोन सिलिंडर बंद करून पेट्रोल वाचवतं, पण किंमत साडेतीस लाखांवर गेली. मे २०१९मध्ये ती २८.९९ लाखांवर आणली. मग एप्रिल २०२०ला धुराचे कडक नियम, बीएस६, आले आणि ए३ इथून गेली, चौथी पिढी इकडे आलीच नाही. म्हणजे २०१७ आणि २०१९च्या गाडीत यांत्रिक फरक जवळजवळ नाही, साडेतीन लाख तुम्ही फक्त दोन वर्षांच्या वयाचे देताय. साडेतीस लाखांची गाडी कोणीतरी १४ला देतोय, घसारा त्याने सोसला, इथवर तुमचा विचार बरोबर आहे.

पण गाडीची किंमत अर्धी झाली म्हणून स्पेअर पार्ट अर्ध्या किमतीत मिळत नाही. १.४ ला सात गिअरचा ड्राय क्लचवाला गिअरबॉक्स आहे, त्याला गर्दीत रांगत चालणं आवडत नाही, आणि तुम्ही रोज वर्धा रोडने जाता, तेही मे महिन्यात ४५ डिग्रीत. त्या गिअरबॉक्सचा मेंदू, मेकॅट्रॉनिक युनिट, गेलं तर बिल सहज लाखाच्या पुढे. इन्शुरन्स, सर्व्हिस, टायर धरून वर्षाला सव्वा लाख बाजूला ठेवावेच लागतील. शिवाय इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन घ्याच, सप्टेंबर २०२३च्या पुरात अंबाझरीकडे पार्किंगमध्ये उभ्या उभ्या गाड्या बुडाल्या होत्या आणि नरेंद्रनगरच्या पुलाखाली तर दर पावसाळ्यात पाणी भरतं. दिल्लीची डिझेल विसरा. तिकडे दहा वर्षांवर डिझेल गाडीला बंदीची टांगती तलवार म्हणून ती इकडे स्वस्तात येते, वरून एनओसी, इथला रोड टॅक्स, पासिंग, आणि उद्या विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळत नाही.

१० लाखांचं लोन १२ टक्क्यांनी म्हणजे ईएमआय २२ हजार, पाच वर्षांत व्याजच सव्वातीन लाखांच्या वर. घराचे ३१, गाडीचे २२, पॉलिसीचे महिन्याला २१, एकूण ७४ हजार, १ लाख ४३ हजारांतून. आणि एफडी मोडल्यावर बँकेत शून्य. या वर्षी गाडी नाही घ्यायची.

असं करा. सरेंडरचे ५ आणि एफडीचे ४, झाले ९ लाख. त्यातले साडेचार घरखर्चासाठी बाजूला, हात लावायचा नाही. उरले साडेचार. जो २२ हजारांचा ईएमआय भरायला तुम्ही तयार होता तोच दोन वर्षं स्वतःच्या आरडीत भरा, सव्वापाच लाख आणि वर व्याज. दोन वर्षांनी हातात १० लाख रोख, आणि आज १४ला असलेली गाडी तेव्हा त्याच्याच आसपास उतरलेली असेल. तीच २०१७ची, एमएच-३१ किंवा ४९ पासिंगची, सर्व्हिस रेकॉर्ड पूर्ण असलेली पेट्रोल बघा. महिन्याला ८०० किलोमीटर चालवणाऱ्याला डिझेल लागत नाही, समृद्धीवर वर्षातून दोनदा जायचं असलं तरी.

डीलरला दिलेलं २५ हजारांचं टोकन उद्याच परत मागा, लेखी. आणि पॉलिसीचा पुढचा हप्ता सहा आठवड्यांनी आहे असं लिहिलंय, तेवढा वेळ पुरेसा आहे, पण क्रम चुकवू नका: आधी टर्मचा अर्ज, रक्त-लघवीची तपासणी, मेडिक्लेम, शुगर किंवा बीपी असेल तर फॉर्मवर खरं लिहा, लपवलं तर क्लेम अडकतो. दोन्ही पॉलिसी हातात पडल्या, नाव-जन्मतारीख-नॉमिनी तपासून झालं, की मग सरेंडरचा फॉर्म भरा, त्याआधी नाही.