खाज, पुरळ आणि टाळलेली एचआयव्ही चाचणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अंगाला खाज सुटली की ती अ‍ॅलर्जीच, आणि एचआयव्ही म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी होणारा आजार. या दोन समजुती एकत्र आल्या की माणूस महिनोन्‌महिने मलम चोळत बसतो. त्याच गोंधळाची पत्रं पुन्हा पुन्हा येत आहेत, म्हणून काही प्रश्न एकत्र घेतो. नावं-गावं अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : दिरांना एचआयव्ही आहे. घरात टॉवेल एकच. आता मला आणि दोन्ही मुलांना रात्री बोटांच्या बेचक्यांत फार खाज येते. आम्हालाही लागण झाली का?

टॉवेल, साबण, ताटवाटी किंवा डास यांतून एचआयव्ही पसरत नाही. रात्री वाढणारी आणि घरात तिघांना एकदम झालेली खाज ही बहुधा खरूज असते. तिचं औषध दिरांसकट सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं असतं. आधी दाखवा मात्र दिरांना, कारण प्रतिकारशक्ती कमी असली की खरजेच्या जाड खपल्या धरतात आणि साधं मलम पुरत नाही.

प्रश्न : वय 38. आठ महिन्यांपासून हातापायांवर खाजऱ्या पुटकुळ्या येतात. गोळी घेतली की दोन दिवस बरं वाटतं. एका लॅबमध्ये दोनशेवर पदार्थांची अ‍ॅलर्जी टेस्ट केली आणि त्यांच्या यादीप्रमाणे गहू, दूध, वांगी, शेंगदाणे बंद केले. वजनही उतरलं आहे. मेडिकलमधून आणलेलं मलम चालू आहे. आणखी कोणती टेस्ट करावी?

एचआयव्हीची. याच आठवड्यात.

तुम्हाला एचआयव्ही आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून ते कुणालाच सांगता येणार नाही. पण आठ महिन्यांत गोळ्या झाल्या, यादी झाली, पथ्य झालं, आणि सरकारी रुग्णालयात मोफत होणारी ही एक चाचणी तेवढी राहिली, याचा मला खरोखर त्रास होतो.

अ‍ॅलर्जीचं पित्त उठतं तेव्हा येणारी प्रत्येक गांध साधारण 24 तासांच्या आत विरते आणि मागे डाग राहत नाही. तुमच्या पुटकुळ्या तशा आहेत का, ते पाहा. हातापायांच्या बाहेरच्या बाजूला येणाऱ्या, खाजवून काळे डाग ठेवणाऱ्या आणि महिनोन्‌महिने न हटणाऱ्या बारीक पुटकुळ्या एचआयव्हीमध्ये बऱ्याचदा दिसतात, आणि त्या दिसतात तेव्हा रक्तातल्या सीडी4, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी बहुधा बऱ्याच खाली गेलेल्या असतात. किडा-डास चावल्यावर शरीर जी प्रतिक्रिया देतं, ती अशा वेळी फार जोरात होते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या रोजच्या गोळ्या सुरू होऊन प्रतिकारशक्ती सावरली की ही खाज हळूहळू ओसरते. नुसत्या अ‍ॅलर्जीच्या गोळीने ती हटत नाही. मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर मोत्यासारखे पाण्याचे मस्से येणं, जिभेवर पांढरा थर धरणं, कोंडा भुवया आणि नाकाच्या कडांपर्यंत उतरणं, यांतलं काही जोडीला असेल तर चाचणी मुळीच लांबवू नये.

त्या दोनशे पदार्थांच्या यादीबद्दल. यांतल्या बऱ्याच चाचण्या रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं मोजतात. ती तुम्ही जे खाता त्याच्याविरुद्ध तयार झालेलीच असतात, त्यावरून अ‍ॅलर्जी ठरत नाही. रोजचं जेवण तोडून माणूस आणखी खंगतो आणि लॅबचं बिल तेवढं भरलं जातं. मेडिकलच्या मलमात बहुतेक वेळा जोरकस स्टेरॉइड असतं. ते खाज दडपतं, पुरळाचं रूप बदलतं आणि नायटा असेल तर तो पसरवतं. 'ताकदीचं' म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणी देत असेल तर घेऊ नका. आधीच प्रतिकारशक्ती खचलेली असली तर त्याने दबलेला क्षय उसळू शकतो.

वजन उतरलं आहे, म्हणून क्षयाची तपासणीही त्याच फेरीत करून घ्या. खोकला, ताप किंवा रात्री घाम येत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि अहवाल निगेटिव्ह आला तरी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, कारण मधुमेह, मूत्रपिंड, यकृत यांच्या आजारांतही खाज येते.

प्रश्न : एआरटी सुरू होऊन दहा दिवस झाले. अंगभर लाल पुरळ आली. सगळ्या गोळ्या बंद केल्या तर चालेल?

मनाने नको. एआरटीबरोबर दिली जाणारी कोट्रायमोक्सॅझोलची गोळी बऱ्याचदा दुसऱ्या आठवड्यात पुरळ आणते. नेव्हिरॅपिन या एचआयव्हीविरोधी औषधानेही पहिल्या सहा आठवड्यांत येऊ शकते. दोष कोणत्या गोळीचा हे केंद्रावरचे डॉक्टर ठरवतील, म्हणून सगळ्या पट्ट्या घेऊन आजच जा. दुसरीकडून घेतलेल्या तापाच्या, फिटच्या गोळ्याही लपवू नका. तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर फोड, साल सुटणं, जोराचा ताप, कावीळ, चेहऱ्यावर सूज किंवा धाप, यांतलं एक जरी असलं तर पुढची गोळी न घेता मध्यरात्रीसुद्धा मोठं रुग्णालय गाठा. गंभीर प्रतिक्रिया देणारं औषध पुन्हा कधीच घ्यायचं नसतं, तेव्हा त्याचं नाव एआरटीच्या पुस्तिकेत लिहून घ्या.

प्रश्न : मुलाला (वय 26) कमरेवर नागीण आली आहे. दोन टोकं जुळली तर जिवाला धोका असतो का?

नाही. नागीण म्हणजे लहानपणी होऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूतून पुन्हा जागा होणं. तिचं औषध पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, आणि गेरू लावून मंत्र घालण्यात नेमके तेच तास जातात. इतक्या तरुण वयात नागीण आली तर एचआयव्ही चाचणी करावी. डोळ्याजवळ आली तर नेत्रतज्ज्ञाकडे त्याच दिवशी.

प्रश्न : एक वैद्य एचआयव्ही 'निगेटिव्ह' करून देतात. त्यांनी आधीच्या रुग्णांचे अहवालही दाखवले. कोर्स करावा का?

नाही. दाखवतात तो बहुधा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा अहवाल असतो. नियमित एआरटीने रक्तातला विषाणू मोजण्याच्या पातळीखाली जातो, पण शरीरात तो उरतोच. गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत तो परत वर येतो. म्हणजे सरकारी गोळीचं फळ दाखवून हे लोक तीच गोळी बंद करायला लावतात. एड्स बरा करण्याचा दावा कोणत्याही औषधाबद्दल करायला औषध नियमांत मनाई आहे. एआरटी 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत आहे आणि 2017 पासून सीडी4 कितीही असले तरी सुरू करता येते.

प्रश्न : चाचणी केली तर गावात, कारखान्यात कळेल.

2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि अहवाल गुप्त ठेवावा लागतो. केवळ एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं हा कायद्याने भेदभाव आहे. ओळखीची माणसं भेटतील अशी धास्ती असेल तर दुसऱ्या तालुक्यातल्या केंद्रावर जा. आधी 1097 या मोफत क्रमांकावर बोला.

प्रश्न : काल निरोध फाटला. जोडीदार एचआयव्हीबाधित आहे. काय करू?

तुमचं पत्र माझ्या हाती पडेपर्यंत मुदत संपली होती. असं घडलं तर पत्र लिहू नये, रुग्णालयात जावं. लागण टाळणारी औषधं लवकरात लवकर, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. जोडीदाराची एआरटी नियमित असेल आणि व्हायरल लोड मोजण्याच्या पातळीखाली टिकून असेल, तर संबंधांतून लागण होत नाही. त्यांचा शेवटचा अहवाल कधीचा आहे, ते विचारा. तुम्ही समुपदेशन केंद्रात जाऊन चाचणी करा. पहिल्या काही आठवड्यांतल्या निगेटिव्ह अहवालावर निर्धास्त राहू नका, तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा करा. तोवर दरवेळी निरोध वापरा आणि रक्तदान करू नका.