डॉक्टर-वकिलांच्या जुन्या कोरीव चित्रांखाली पदव्यांची एवढी लांबड कशासाठी?

तुम्ही विचारलंय, सतराव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टर-वकिलांच्या छापचित्रांत चेहऱ्याखाली नाव, पदव्या, लॅटिन ओळी, कुलचिन्ह असा पसारा का असतो. ही निव्वळ फुशारकी का? नेमका हाच शब्द मी मामांना ऐकवला होता.

चित्रकलेच्या शेवटच्या वर्षी मी तांब्याच्या पत्र्यावर ब्यूरिनने, म्हणजे कोरायच्या टोकदार पोलादी हत्याराने, मामांचा चेहरा कोरला. मामा तालुक्याच्या कोर्टात वकील. काळ्या कोटाच्या रेघांतच तीन आठवडे गेले. मामांनी प्रूफ पाहिलं आणि विचारलं, "खाली बी.ए., एलएल.बी. कुठंय रे?" मी म्हणालो, "मामा, चेहरा बोलला पाहिजे. बाकी फुशारकी." शेवटी आईच्या धाकाने कोरलं. छाप सुलटा यायला अक्षरं पत्र्यावर उलटी कोरावी लागतात. शेवटचा 'बी' मी सुलटाच कोरला. कागदावर तो पाठ फिरवून उभा! पत्रा घासून, मागून ठोकून अशी चूक काढता येते. मी काढली नाही. घरात अजून म्हणतात, मुद्दाम केलं. चूक मुद्दाम नव्हती. ती तशीच ठेवणं मुद्दाम होतं.

तर उत्तर: मामा बरोबर होते. ही चित्रं पुस्तकांत बांधली जायची, दूरदूर जायची. बघणाऱ्याने तो माणूस जन्मात पाहिलेला नसायचा. त्या काळच्या फ्रेंच छापचित्रकार रोबेर नांतोयने पॅरिसचे न्यायाधीश कोरले, तर लंबगोल चौकटीवर नाव-हुद्दा गोल फिरतो. जर्मन वकिलाच्या नावापुढे 'जे. यू. डी.', म्हणजे रोमन आणि चर्चच्या, दोन्ही कायद्यांचा डॉक्टर. ज्याच्या मागे जहागीर नाही, त्याचं घराणं म्हणजे ही तीन अक्षरं. अक्षरं कोरायला पुष्कळदा वेगळा कारागीर असे. मला मिळाला असता तर एवढं रामायण झालं नसतं.

अपवाद आहेच. डच चित्रकार रेम्ब्राँने 1647 साली ॲम्स्टरडॅमचे ज्यू डॉक्टर एफ्राईम बुएनो छापले. पदवी नाही, पुस्तक नाही. जिन्याच्या कठड्यावर हात आणि बोटात अंगठी. पहिल्या छापांत अंगठी काळी, नंतर पांढरी. शिवाय अक्षरं कोरण्याआधीच्या छापांना संग्राहक जास्त पैसे मोजतात. म्हणजे मीही अगदीच चुकलो नव्हतो.

तुम्ही कुणाचं चित्र करणार असाल तर सांगेल ती पदवी मुकाट कोरा. माझा पत्रा अजून माझ्याकडेच आहे. 'बी' सरळ करायला दीड तास लागेल; मामांनी आधी कबूल करावं, की पोराने मुद्दाम केलं नव्हतं.