शारजाची ऑफर आणि तीन रंगांची विमानं

तुझा मेसेज दोनदा वाचला. डीजीसीएचं (आपल्या विमान नियामकाचं) विमान देखभालीचं बी-१.१ लायसन्स हातात आहे, अमिरातीतल्या शारजाच्या एका कंपनीनं मालवाहू विमानांच्या देखभालीसाठी बोलावलंय. पण त्यांनी पाठवलेल्या फोटोंत तीन विमानं आणि तिघांचे रंग वेगळे. एकाच्या शेपटीवर एका कंपनीचं चिन्ह आणि अंगावर दुसरीचं नाव, एक नुसतं पांढरं, आणि एकावर कुणाच्या तरी जुन्या निळ्या पट्ट्या तशाच. पप्पा म्हणतात यात काहीतरी काळंबेरं आहे. तुला स्वतःला काळजी आहे ती वेगळीच, की इतक्या जुन्या विमानांवर हात काळे करून पुढं काय होणार.

पप्पांना आधी एवढं सांग की रंगावरून फसवणूक ठरत नाही. कोल्हापूरहून पुण्याला शिवशाहीनं आपण सगळेच गेलोय. भाड्यानं घेतलेल्या शिवशाहीत गाडी खासगी मालकाची असायची, ड्रायव्हर त्याचाच, पण रंग आणि नाव एसटीचं. विमानांत याला वेट लीज म्हणतात. विमान, क्रू, देखभाल आणि विमा हे चारही मालकाकडं. इंधन, विमानतळाचे पैसे आणि माल भाड्यानं घेणाऱ्याकडं. हिशोब ब्लॉक अवरवर, म्हणजे चाक हललं तिथपासून परत थांबेपर्यंत. महिन्याला ठरावीक तासांची हमी असते, विमान तेवढं उडो न उडो. नुसतं विमान घेतलं आणि माणसं आपली लावली तर ती ड्राय लीज. प्रवासी विमानांतही हे जुनंच आहे. जानेवारी १९९३ मध्ये दिल्लीला उतरताना उलटलेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान उझबेकिस्तानकडून भाड्यानं घेतलेलं टुपोलेव्ह-१५४ होतं. सुदैवानं सगळे वाचले.

आता रंगाचं. मोठं विमान पूर्ण रंगवायचं म्हणजे जुना थर काढायचा, पत्रा तपासायचा, नवा चढवायचा. जम्बोला नुसता रंगच अडीचशे किलोच्या आसपास लागतो. रडर-एलिव्हेटर, म्हणजे शेपटीचे हलते भाग, रंगवले की त्यांचा तोल पुन्हा तपासावा लागतो. तेवढे दिवस विमान जमिनीवर, कमाई शून्य. करार चार महिन्यांचा असेल तर कोण एवढा खर्च करेल? मग आधीच्या कंपनीचं नाव पुसतात, पट्ट्या ठेवतात आणि नव्या नावाचं स्टिकर चिकटवतात. मी शारजाला आलो तेव्हा आमच्या बोईंग ७२७ वर असंच होतं, ते आधी प्रवासी विमान होतं. सकाळी ऊन तिरकं पडलं की पांढऱ्या रंगाखालून जुन्या नावाची अक्षरं उठून दिसायची, बोटानं चाचपली तर कडा हाताला लागायच्या. आत मेन डेकवर, म्हणजे मुख्य मजल्यावर, खिडक्यांच्या जागी ॲल्युमिनियमची झाकणं, खाली पॅलेट सरकवायचे रोलर. एका कोपऱ्यात मात्र सीटबेल्ट बांधा असं सांगणारी जर्मन पाटी राहून गेली होती. ते विमान माझ्याहून चार वर्षांनी मोठं होतं आणि माझा त्याच्यावर फार जीव होता.

माल वाहायला जुनी विमानं का, तर ती विकत स्वस्त मिळतात आणि माल बऱ्याचदा रात्रीचे काही तासच उडतो. नवं विमान घेतलं तर हप्ता रोजच भरायचा, ते उडो की उभं राहो. जुनं इंधन जास्त पितं, पण उभं असताना फारसं खात नाही. म्हणून इंधन महागलं की ही विमानं वाळवंटात उभी राहतात, आणि मागणी वाढली की परत निघतात. २०२० मध्ये प्रवासी उड्डाणं बंद पडली, तेव्हा त्यांच्या पोटातून जाणारा मालही अडला. ज्याच्याकडं मालवाहू विमान होतं, त्याला तेव्हा सवड नव्हती. तुझी नोकरीही याच भरती-ओहोटीवर चालणार, हे मनात पक्कं धर.

तुझा खरा धोका करारात आहे. माझ्यासोबत झालं ते सांगतो. माझ्या पहिल्या कंपनीत विमान एकाचं होतं, परवाना दुसऱ्याचा, माझा व्हिसा तिसऱ्याचा आणि खोली चौथ्यानं दिलेली. पगार कोण देतो हे मी कधी विचारलंच नाही, महिन्याच्या महिन्याला येत होता ना. एका पहाटे ड्यूटीवर गेलो तर विमान उभं करायचा स्टँड रिकामा. भाडं थकलं म्हणून मालक रात्रीतच विमान घेऊन गेला होता. जमिनीवर तेल गळायचं तिथं ठेवलेला आमचा पत्र्याचा ट्रे आणि चाकाखालच्या दोन चोक तेवढ्या राहिल्या होत्या. पुढचे तीन महिने प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवत होता. मी घरी काही बोललो नाही. वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसायचे, त्यांनी कर्ज काढून मला शिकवलं होतं.

म्हणून कंपनीला लेखी विचार: तिन्ही विमानं कुणाच्या परवान्यावर उडतात, म्हणजे एओसी कुणाचं? देखभालीची मान्यता कुणाच्या नावावर आहे, आणि ती जीसीएएची, म्हणजे अमिरातीच्या विमान नियामकाची, आहे का? व्हिसा आणि पगार ज्या नावानं आहे तेच नाव करारावर आहे का? ही तिन्ही नावं जुळत नसतील तर एकमेकांशी त्यांचा काय करार आहे ते विचार. यातलं सगळ्यात महत्त्वाचं देखभालीच्या मान्यतेचं, कारण तुझ्या लॉगबुकमधल्या सह्या तिच्यावर अवलंबून आहेत. मान्यता नसलेल्या ठिकाणी दोन वर्षं राबलास तरी तो अनुभव पुढं लायसन्सला कामी येणार नाही. पाचशे दिरहम कमी मिळाले तरी चालतील, सही खरी पाहिजे.

जुन्या विमानांची भीती वाटते म्हणालास, ती थोडी असू दे. २१ ऑक्टोबर २००९ ला शारजाहून खार्टूमला निघालेलं बोईंग ७०७ उडाल्या उडाल्या कोसळलं. मालक अझ्झा ट्रान्सपोर्ट, उड्डाण सुदान एअरवेजच्या नावावर. क्रूचे सहाही जण गेले. चार नंबरच्या इंजिनाचे काउल, म्हणजे त्याच्यावरची झाकणं, निखळून पडले होते. त्यामुळं त्या इंजिनाची ताकद दाखवणारी नळी सुटली, आणि इंजिन गेलं असं समजून वैमानिकांनी जे केलं त्यात विमान हातचं गेलं असावं, असं तपासात आलं. काउलची लॅच, म्हणजे कडी, ही गोष्ट किती साधी! तेव्हापासून मी प्रत्येक लॅच हातानं ओढून बघतो. टॉर्च मारून पुढं जात नाही.

विमानाचं वय विचारताना वर्षं विचारू नकोस, सायकल विचार. एक उड्डाण आणि एक उतरणं म्हणजे एक सायकल, प्रत्येक वेळी केबिन फुगते आणि ओसरते. १९८८ मध्ये हवाईत अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छत उडालं, ते ८९,६८० सायकल झालेलं होतं. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगला लाल डाय लावून चीर शोधतात ते तू बघितलंयस. इथं तेच काम पायलनच्या, म्हणजे इंजिन पंखाला धरून ठेवणाऱ्या सांगाड्याच्या, जोडांवर करशील. नोव्हेंबर २०२५ मध्ये लुईव्हिलला यूपीएसच्या एमडी-११ चं डावं इंजिन पायलनसकट सुटलं, आणि त्या जोडाच्या लगमध्ये, म्हणजे बोल्ट बसतो त्या कानात, धातूच्या थकव्याच्या चिरा सापडल्या. हे शिकायला जुन्या विमानासारखी शाळा नाही. केबल, पुली, गंज, रिव्हेट सगळं हाताखालून जातं. फक्त एकाच जुन्या प्रकारावर दहा वर्षं अडकू नकोस. माझ्या वेळचे फ्लाइट इंजिनिअर, म्हणजे वैमानिकांच्या मागं बसून यंत्रं सांभाळणारे, फार हुशार होते, आणि नव्या विमानांतून त्यांची खुर्चीच गेली. दोन-तीन वर्षांत ७४७-४०० किंवा ७६७ चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानावर सही करायची पात्रता, करून घे.

बाकीचं पटकन सांगतो. व्हिजिट व्हिसावर कामाला लागू नकोस, ते बेकायदा आहे. नोकरीचा व्हिसा आणि भरतीचा खर्च कायद्यानं कंपनीचा, कुणी एजंट पैसे मागत असेल तर तिथंच थांब. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त नसतं. पासपोर्ट कुणाकडं ठेवायला देऊ नकोस. बायकोला लगेच आणू नकोस. पहिला करार एकदा रिन्यू होऊ दे, मग घर बघ. जुलै-ऑगस्टमध्ये रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या उघड्या जागेवर, पाना उघड्या हातानं धरवत नाही, रात्रपाळी मागून घे. आणि कांदा-लसूण चटणी आईच्या हातची आण, इथं मिळते ती आपली नव्हे.

सही करायच्या आधी त्या तीन विमानांचे शेपटीकडचे नोंदणी क्रमांक मला पाठव. दाराजवळ धातूची छोटी पाटी असते, तिच्यावर कारखान्यानं दिलेला खरा क्रमांक कोरलेला असतो. रंग आणि नोंदणी कितीही बदलली तरी ती पाटी तीच राहते. यातलं एक जरी इथं उभं असेल तर या आठवड्याच्या रात्रपाळीत तिथल्या माणसांना विचारून बघतो, की त्यांचा मागच्या महिन्याचा पगार कधी झाला.