पॅकेट जातं, पण पोचत नाही

प्रश्न : जुना टीएनसी, म्हणजे संगणकावरचा मजकूर सुरांत बदलून रेडिओला देणारा डेटा कंट्रोलर, हौशी रेडिओच्या हँडसेटला जोडला. पीटीटीचा, म्हणजे प्रक्षेपण सुरू झाल्याचा, लाल दिवा लागतो, पण मित्राकडे एकही पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, उलगडत नाही. काय चुकतंय?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी टीएक्स-डिले, म्हणजे डेटा सोडण्याआधी टीएनसी किती थांबतो ते, बघा. पीटीटी लागल्यावर हँडसेट सुरू व्हायला क्षणभर घेतो. तेवढ्यात पॅकेटचं डोकंच कापलं जातं. आकडा 10 मिलिसेकंदांच्या पटीत असतो, 30 म्हणजे 300. तुम्ही 50 ठेवा, जमलं की हळूहळू उतरवा.

मग आवाज. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं. 1200 बॉड या डेटाच्या वेगाला 1200 आणि 2200 हर्ट्‌झचे दोन सूर असतात. पातळी चढली की ते चिरकतात. दुसरा रेडिओ कानाशी धरा आणि टीएनसीचा प्रीसेट, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणारा छोटा स्क्रू, बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवत न्या. आवाज वाढायचा थांबला की तिथून बराच मागे या. सूरसागरजवळच्या आमच्या गच्चीवर मी दोन रविवार अँटेनाच बदलत बसलो होतो. दोष या पाव वळशाचा होता.

टर्मिनल गप्पच असेल तर टीएनसी किस मोडमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा न ऐकता फक्त संगणकाच्या प्रोग्रॅमशी बोलण्याच्या अवस्थेत, अडकलेला असू शकतो. त्यातून बाहेर काढायला 192, 255, 192 हे तीन बाइट पाठवा. आणि टीएनसीच्या मायकॉल या सेटिंगमध्ये स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखचिन्ह, भरल्याशिवाय प्रक्षेपण करू नका.

जमलं की 145.825 मेगाहर्ट्‌झ लावा. अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना त्याची पॅकेट पडद्यावर उमटतात, ते बघाच!